कोपऱ्यावरचा अडथळा

येरवडा
९ जानेवारी २०२५

हेमाकाकू,

वाकून नमस्कार. पत्र बघून दचकू नका. घरी वाशिमला सगळं ठीक आहे आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. फोन केला की तुम्ही ‘हो, हो’ म्हणता आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देता, म्हणून लिहिते.

तुमची खोली सोडून तीन वर्षं झाली. आता मी खराडीत एका संस्थेत आहे. पुण्यातले वेगवेगळे भाग पायी चालायला किती बरे आहेत, ते आम्ही मोजतो. ऑफिसात याला ‘वॉकेबिलिटी’ म्हणतात. रस्त्यावर मात्र मी, टेप, टोपी आणि एक फॉर्म एवढंच असतं. फूटपाथ किती रुंद, मध्येच तुटतो का, वाटेत अडथळे काय, रस्ता ओलांडता येतो का, सावली आहे का, टेकायला जागा आहे का, हे सगळं बघायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे.

खराडीत आमच्या ऑफिससमोरच्या फूटपाथवरून वऱ्हाड नाचत जाईल, एवढा तो रुंद आहे. पण शंभर पावलांवर तो गटाराच्या तोंडाशी संपतो. आणि त्यावर चालतं कोण, तर सिक्युरिटीवाले आणि पोळ्या करायला येणाऱ्या बायका. मी राहते त्या येरवड्याच्या वस्तीत फूटपाथ नावालाही नाही, आणि सगळी माणसं पायी. फॉर्मनं खराडीला साडेतीन दिले, येरवड्याला दीड. मला ते पटत नाही, पण फॉर्मला पटतं.

आता सदाशिव पेठ माझ्याकडे आली आहे. तुमच्या दारापासून टिळक रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालताना काय काय लागतं, ते लिहून कळवाल का? मी स्वतः येऊन मोजणारच आहे. पण तिथून रोज चालणाऱ्या माणसाचं मत वेगळं असतं.

तुमची,
नम्रता

सदाशिव पेठ
१६ जानेवारी २०२५

नम्रता,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने द्यावे लागत नाहीत.

तुझं पत्र सहा दिवसांनी मिळालं. येरवड्याहून माणूस चालत निघाला तरी दोन तासांत इथे पोचतो. तुमच्या फॉर्मात पोस्टासाठीही एक रकाना ठेवा. आणि माझ्या कानांची काळजी नको. फोनच हल्ली बारीक बोलतात. डॉक्टरांनी यंत्र दिलंय, ते कपाटात सुरक्षित आहे.

तू विचारलंस म्हणून काल मुद्दाम मोजलं. दारापासून कोपऱ्यापर्यंत तीनशे दहा पावलं होतात. सुरुवातीला क्लासच्या मुलांच्या दुचाक्या लागतात. त्यांच्यातून वाट काढण्याची मला सवय आहे. मग दवाखाना, तिथे पेशंट फूटपाथवर उभे असतात. आजारी माणसाला अडथळा म्हणायचं का, ते तू ठरव. पुढे दोन फरश्या डुलतात. त्या कोणत्या, हे गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे, पाहुणे तेवढे पडतात.

आणि कोपऱ्यावर सुंदराबाई भाजीवाली. तिनं टोपल्या, पोती, पाण्याची बादली असं मांडून ठेवलंय की फूटपाथ उरलेलाच नाही. मला रोज खाली रस्त्यावर उतरून जावं लागतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं त्या रहदारीत उतरायचं का, हे तुमच्या संस्थेनं तिला एकदा विचारावं. अडथळ्याच्या रकान्यात तिला अवश्य घाल.

येशील तेव्हा जेवायला ये. आधी कळव, म्हणजे पोस्टमनच्या आधी पोचशील.

हेमाकाकू

येरवडा
४ फेब्रुवारी २०२५

हेमाकाकू,

नमस्कार. तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. डुलणाऱ्या फरश्यांपाशी सगळे हसले. आमचा टीम लीड सौरभ म्हणाला, “असे शंभर नागरिक मिळाले तर आपल्याला फिरावंच लागणार नाही.”

तुमच्या गल्लीचा फॉर्म गेल्या आठवड्यात पूर्ण झाला. सव्वादोन गुण पडले. पेठेतलं सगळं काम एका दिवसात उरकायचं होतं, त्यामुळे वर येता आलं नाही. रागावू नका. जेवण माझ्या नावावर राहू द्या.

शहराचा अहवाल महिनाअखेरीला महापालिकेकडे जाईल. बाकी बरं आहे. थोडा ताप होता, आता उतरला.

नम्रता

सदाशिव पेठ
१२ मार्च २०२५

नम्रता,

गल्लीपर्यंत येऊन वर न आलेल्या मुलीला पत्र लिहू नये, असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट घडली.

परवा सकाळी मी दूध घेऊन येत होते. कोपऱ्यावर महापालिकेची अतिक्रमणवाली गाडी उभी होती. माणसांनी सुंदराबाईच्या टोपल्या, तराजू, छत्री, पोती, सगळं उचलून वर टाकलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती गाडीमागे थोडी धावली, मग थांबली. तिच्या हातात कोथिंबिरीची एक जुडी राहिली होती. ती धरून ती बराच वेळ तिथेच उभी होती. कुणी जवळ गेलं नाही. मीही गेले नाही.

एकोणीस वर्षं ती त्या कोपऱ्यावर बसत होती. शेजारच्या मेडिकलवाल्यानं मला ओरडून सांगितलं की हे कुठल्याशा सर्वेक्षणात आलं होतं म्हणे. तुझ्या फॉर्मचा यात काही संबंध आहे का? सहज विचारते.

फूटपाथ आता अगदी मोकळा आहे. भाजीला मंडईपर्यंत जावं लागतं, एवढंच.

हेमाकाकू

येरवडा
२० मार्च २०२५

हेमाकाकू,

नमस्कार. वाचून वाईट वाटलं. पण आमचा अहवाल सगळ्या शहराचा आहे, त्यात शेकडो गल्ल्या आहेत. एका फॉर्मवरून कुठे गाडी येत नाही. अशा मोहिमा अधूनमधून होतच असतात. संबंध नसावा.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुढच्या महिन्यात नक्की येते.

नम्रता

सदाशिव पेठ
२५ एप्रिल २०२५

नम्रताताई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी रुपाली. तुमच्या जुन्या खोलीत मी राहते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तुमचं मार्चचं पत्र आणि नंतरचं कार्ड काकूंच्या टेबलावर उत्तराविना पडून आहेत, म्हणून मीच लिहिते. पत्ता पाकिटावरून घेतला. काकूंना हे माहीत नाही.

एक एप्रिलला संध्याकाळी कोपऱ्यावर त्यांना स्कूटरनं धडक दिली. त्या रस्त्यावर नव्हत्या, फूटपाथवरच चालत होत्या. तिथली भाजीवाली उठवल्यापासून सिग्नल चुकवायला टू-व्हीलरवाले सरळ फूटपाथवरूनच कट मारतात. त्या मुलानं हॉर्न खूप वाजवला म्हणे. काकूंना ऐकू आला नाही.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. खुब्याला मुका मार आहे. आता प्लास्टर घालून घरी आहेत, जेवतात, माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात. पण तुम्हाला कळवू का विचारलं तर म्हणाल्या, “मुळीच नाही. तिला कामं आहेत.” तो त्यांचा नेहमीचा टोमणा वाटला नाही. तुम्ही येऊन गेलात तर बरं होईल.

रुपाली

येरवडा
२९ एप्रिल २०२५

हेमाकाकू,

काल मी येऊन गेले. दीड तास बसले, दोनदा चहा घेतला, तुमच्या प्लास्टरकडे बघत राहिले आणि जे सांगायला आले होते ते न सांगता जिना उतरले. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. आत रुपाली होती, खिडकीखाली दवाखान्याची रांग होती. ओरडून कबुली देता येत नाही, काकू. म्हणून लिहिते.

मी तुमच्या गल्लीत मोजायला आलेच नव्हते. जानेवारीच्या शेवटी अकरा फॉर्म राहिले होते आणि अंगात ताप होता. दहा गल्ल्या मी तापातच फिरले. अकराव्या गल्लीसाठी तुमचं पत्र हाताशी होतं. खोलीत बसून त्यावरून फॉर्म भरला. अडथळे: कायम बसणारी भाजीविक्रेती. शिल्लक रुंदी: शून्य. शेवटी ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असा चौकोन असतो. त्यात खूण केली आणि खाली सही केली.

जिथे रुंदी शून्य, त्या जागांची वेगळी यादी निघाली. ती सगळ्यात आधी महापालिकेकडे गेली, कारण तिच्यावर लगेच काहीतरी करून दाखवता येतं. तुमचा कोपरा त्या यादीत होता. मार्चमध्ये तुम्ही संबंध विचारलात, तेव्हा ती यादी माझ्या समोरच्या स्क्रीनवर होती. तरी मी ‘नसावा’ असं लिहिलं. ‘नाही’ लिहायचा धीर झाला नाही, म्हणून ‘नसावा’.

एका बाईची जागा गेली आणि त्या जागेवर तुमचा हात मोडला. तुम्ही जसं बघितलंत तसं लिहिलंत. त्यात तुमचा काही दोष नाही. तपासून बघणं माझं काम होतं.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

नम्रता

सदाशिव पेठ
१० जून २०२५

नम्रता,

हे अक्षर माझंच आहे. कोंबडीच्या पायांसारखं दिसत असलं तरी माझंच. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. इतके दिवस उत्तर दिलं नाही ते हातामुळे, हे अर्धंच खरं आहे. रुपाली म्हणाली होती, “काकू, तुम्ही सांगा, मी लिहिते.” हे तिला सांगून लिहवण्यासारखं नव्हतं.

‘तुम्ही जसं बघितलंत तसं लिहिलंत’ असं तू म्हणतेस. दर वेळी पत्र वाचताना मी तिथेच अडते. मी तसं बघितलेलं नव्हतं. सुंदराबाई भिंतीला लागून बसायची. पुढे दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट तिनं एकोणीस वर्षं मोकळी ठेवली होती. कुणाची पिशवी तिथे आली तर ती स्वतः उचलून बाजूला करायची. मी एकदाही रस्त्यावर उतरलेले नाही. मी तुला खोटं लिहिलं.

का, तेही सांगते. डिसेंबरात मी तिच्याकडे मेथी मागितली. ती काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मी पुन्हा मेथी मागितली. तेव्हा ती शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “ह्या बहिऱ्या हायेत, दोनदा सांगावं लागतं.” तिचा आवाज मोठा, एवढं नेमकं ऐकू आलं. मग दोघी हसल्या. ते ऐकू आलं नाही, दिसलं. घरी येऊन मी जेवले नाही. महिन्याभरानं तुझं पत्र आलं. मला वाटलं, कुठल्यातरी कागदावर हिलाही कुणीतरी नावं ठेवू दे.

गाडी येईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. पण गाडी आली तेव्हा पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं, नम्रता. फार वेळ नाही टिकलं ते. पण वाटलं.

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. मुलींनी नकाशात नदी चुकीच्या बाजूला काढली की शून्य द्यायचे, आईवडील भेटायला आले तरी बदलायचे नाही.

दवाखान्यात तो स्कूटरवाला मुलगा आईला घेऊन माफी मागायला आला होता. मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. रुपालीला वाटलं, काकूंचं मन मोठं. तिला तसंच वाटू दिलं. तुला कळवू नको म्हणाले, तेही एवढ्याचसाठी. तू येशील, माझी कीव करशील आणि मी ती घेईन, हे माहीत होतं.

हेमाकाकू

येरवडा
१९ जून २०२५

हेमाकाकू,

तुमचं पत्र वाचून मला हलकं वाटेल, असं क्षणभर वाटलं होतं. वाटलं नाही. तुम्ही खोटं लिहिलंत, पण मी आले असते तर टेपनं खरं सांगितलं असतं. आपल्यात कुणाचा वाटा किती, याचा हिशोब मी दोन दिवस मांडत होते. मग तो सोडून दिला.

सोमवारी सौरभला सगळं सांगितलं. मी पाहणी न करता फॉर्म भरला, ती जागा शून्य नव्हती, हे लेखी दिलं. त्यानं कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. म्हणाला, “आता हे काढून काय मिळणार आहे? फॉर्म दुरुस्त करता येईल. तो कोपरा दुरुस्त करणं आपल्या हातात नाही.” मी म्हटलं, फॉर्म तरी करू. दुरुस्ती पुढे पाठवली आहे. ती कुणी वाचेल का, माहीत नाही. मला फील्डवरून काढून आत बसवलंय. नोकरी आहे अजून. त्याचीही लाज वाटते.

मग तुमच्या मेडिकलवाल्याकडे जाऊन सुंदराबाईंचा पत्ता विचारला. त्या येरवड्यातच राहतात, काकू. माझ्या खोलीपासून चार गल्ल्या पलीकडे. आता डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरतात. गुडघे दुखतात म्हणून दर दोन घरांनी पायरीवर टेकतात. त्या अशाच टेकल्या होत्या तिथे मी गेले. म्हणाल्या, “काय देऊ, ताई?” मी मेथीच्या चार जुड्या घेतल्या आणि निघून आले. मी एकटी राहते. चार जुड्या. दोन दिवस त्या तशाच पडून होत्या, मग घरमालकिणीला दिल्या.

पत्ता मागे लिहिला आहे. का लिहिला, मला नीट सांगता येणार नाही.

नम्रता

सदाशिव पेठ
३० जून २०२५

नम्रता,

काल मी सुंदराबाईकडे जाऊन आले. रिक्षानं गेले. कानाचं यंत्र लावून गेले, कारण जे ऐकायचं ते अर्धवट ऐकायला नको होतं.

ती दारात भाजी निवडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, हाताकडे बघून म्हणाली, “हे काय झालं, बाई?” मी म्हणाले, आधी माझं ऐकून घे. आणि सांगितलं. तू वाट अडवलीस असं मी खोटं लिहिलं, त्यावरून तुझी जागा गेली. कुणाला लिहिलं ते विचारू नको, ते सांगणं माझं काम नाही.

ती खाली बसली. हातातल्या गवारीच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं त्या मेडिकलवाल्यानं सांगितलं. चार महिने झाले, दिसला तरी त्याच्याशी बोलत नाही मी. त्याच्या पोरीचं लगीन झालं, गेले नाही.”

“तू मला बहिरी म्हणालीस,” मी म्हणाले. हे कारण म्हणून सांगायचं नाही, असं ठरवून गेले होते. तरी तोंडातून गेलंच.

“तुम्ही बहिऱ्याच हाय की,” ती म्हणाली. “म्हणून काय माणसाला उठवायचं?”

तिनं दुसरी गवार घेतली. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ‘असू द्या’ असंही ती म्हणाली नाही, आणि मी निघेपर्यंत म्हणाली नाही.

मग आत जाऊन तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद आणले. फेरीवाल्यांच्या नोंदणीचा अर्ज होता. ती आधीपासून त्या जागी बसत होती याचा काहीतरी पुरावा लागतो. तिच्याकडच्या पावत्या पोत्याखाली असायच्या, त्या गाडीबरोबर गेल्या. तिथल्या रहिवाशानं लिहून दिलं तर चालतं, असं तिला कुणीतरी सांगितलंय. पेठेत ती दोघा-तिघांकडे गेली होती. सगळे बघू म्हणाले. माझ्याकडे आली नव्हती.

“तुम्हाला लिहिता येतं,” ती म्हणाली. “लिहा.”

मी तिथेच उंबऱ्यात बसून लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य लिहिलं की, पूर्वी मी या बाईविरुद्ध खोटी माहिती दिली होती, त्याबद्दल मला पश्चात्ताप होतो. आणि तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “ते तुमच्यापाशी ठेवा. माज्या अर्जात तुमची चूक कशाला?”

मी नवा कागद घेतला. सुंदराबाई त्या कोपऱ्यावर एकोणीस वर्षं बसत होत्या, भिंतीला लागून बसत होत्या, जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवत होत्या, मी तिथून रोज चालत गेले आहे, एवढंच लिहिलं. नाव, पत्ता, सही. तिनं कागद घेतला आणि मी समोर बसलेली असताना शेजारच्या सुनेला बोलावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला. मला लागलं. पण मीही तसंच केलं असतं.

या आठवड्यात ती अर्ज देणार आहे. तीच जागा मिळेल असं कुणी सांगत नाही. मिळाली तरी गेलेले चार महिने काही परत येत नाहीत. फूटपाथवरून स्कूटरी अजून जातात. मी आता कोपऱ्यापर्यंत जात नाही, अलीकडूनच परत फिरते.

तिला आणखी एक कागद उपयोगी पडेल. मोजणाऱ्या माणसानं सहीनिशी दिलेला, की रुंदी शून्य नव्हती. असा कागद कुणाकडे आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुझं नावही सांगितलेलं नाही. ते तू सांग. चार गल्ल्यांचं अंतर आहे. चालत जा.

हेमाकाकू